शेकडा एकचा हिशोब

म्युच्युअल फंडाचा खर्च गुंतवणूकदाराला बिलाच्या रूपात दिसत नाही. बँकेच्या लॉकरचे भाडे वजा झाले की संदेश येतो, विजेच्या बिलावर स्थिर आकार वेगळा छापलेला असतो. फंडाच्या खर्चाचा ना संदेश येतो, ना पावती. योजनेच्या एकूण मालमत्तेतून वार्षिक दराचा तीनशे पासष्टावा भाग दररोज बाजूला काढला जातो. उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की त्या दिवसाचे नक्त मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, तयार होते. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो. खर्चाची आकारणी बंद नसते.

बाजार समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला निदान हिशोबपट्टी मिळते. तिच्यावर हमाली, तोलाई असे एकेक ओळीने लिहिलेले असते आणि खाली हातात पडणारी रक्कम. पट्टीवर भांडता येते. फंडातला गुंतवणूकदार रोज थेट खालची रक्कम पाहतो. वर काय वजा झाले हे त्याला दिसत नाही, म्हणून त्याबद्दल तो भांडतही नाही. या खर्चाच्या समर्थनार्थ केले जाणारे सगळे युक्तिवाद या न दिसण्यावर उभे आहेत. ते एकेक करून तपासण्याआधी खर्चात काय काय येते हे पाहायला हवे.

एकूण खर्चाचे प्रमाण, ज्याला टीईआर म्हणतात, त्यात मालमत्ता व्यवस्थापन कंपनीचे शुल्क, वितरकाचे कमिशन, निबंधक संस्था, कस्टोडियन आणि लेखापरीक्षक यांचा मोबदला आणि जाहिरातीचा खर्च येतो. 2012 साली बाजाराचे नियामक असलेल्या सेबीने आणखी एक बाब घातली: मालमत्तेच्या 0.02 टक्के रक्कम गुंतवणूकदार-शिक्षणासाठी राखून ठेवायची. ‘म्युच्युअल फंड सही है’ ही 2017 पासून घरोघरी पोहोचलेली मोहीम याच तरतुदीतून उभी राहिली. म्हणजे फंड घ्या असे सांगणाऱ्या जाहिरातीचे पैसे ज्यांनी फंड आधीच घेतला आहे त्यांनी दिले. रक्कम माणशी किरकोळ आहे. पण कोण देतो आणि कोणाला लाभ होतो हे समजायला हे उदाहरण सोयीचे आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी युक्तिवाद असा, की एक-दीड टक्क्याने काय होते? परतावा बारा टक्के मिळत असेल तर त्यातला एखादा टक्का गेला म्हणून कोणी भिकेला लागत नाही. या वाक्याची सगळी ताकद ‘टक्का’ या शब्दाच्या दोन अर्थांत दडलेली आहे. परतावा मोजला जातो वाढीवर. खर्च मोजला जातो संपूर्ण पुंजीवर, दरवर्षी, पुन्हा पुन्हा. दुकानदाराने एकदा एक टक्का जास्त लावला तर नुकसान एकदाच होते. इथे त्याच रुपयावर पंचवीस वर्षांत पंचवीस वेळा आकारणी होते, आणि कापल्या गेलेल्या रुपयाने पुढे जी वाढ मिळवली असती तीही त्याच्याबरोबर जाते.

आकडे मांडून पाहणे सोपे आहे. एक लाख रुपये वर्षाला 12 टक्के दराने वाढले तर 25 वर्षांनी 17 लाख होतात. खर्चापोटी दरवर्षी एक टक्का गेला, म्हणजे दर 11 झाला, तर 13.59 लाख होतात. दोन टक्के गेले तर 10.83 लाख. दोन टक्क्यांचा परिणाम अंतिम रकमेवर दोन टक्के पडलेला नाही. तो छत्तीस टक्के पडला आहे. गुंतवणूकदाराने पैसे घातले, पडझडीची जोखीम पूर्ण स्वतःच्या अंगावर घेतली, पंचवीस वर्षे वाट पाहिली, आणि 16 लाखांच्या संभाव्य नफ्यातले सव्वासहा लाखांच्या आसपास त्याच्या हाती आलेच नाहीत.

ही तफावत सुरुवातीला दिसतही नाही, म्हणून ती घातक आहे. याच उदाहरणात पाच वर्षांनी 12 आणि 10 टक्क्यांच्या रकमांत फरक असतो सुमारे पंधरा हजारांचा. मुदत पाचपट झाली की फरक चाळीसपट होतो. पाच वर्षांचा अनुभव घेऊन ‘खर्चाने काही बिघडले नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, तो फक्त लवकर बोलत असतो.

दरमहा हप्ता भरणाऱ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. महिन्याला 10,000 रुपये, 25 वर्षे. म्हणजे खिशातून गेलेले एकूण 30 लाख. दर 12 टक्के मिळाला तर (मासिक चक्रवाढीने) सुमारे 1 कोटी 88 लाख जमतात, 11 टक्के मिळाला तर 1 कोटी 58 लाख. फरक तीस लाखांचा. म्हणजे एका टक्क्याने जे गेले ते गुंतवणूकदाराने आयुष्यभर भरलेल्या सगळ्या हप्त्यांच्या बेरजेइतके आहे. पहिल्या वर्षअखेरीस हाच फरक सहाशे रुपयांहूनही कमी असतो. दुसऱ्या बाजूनेही हे पाहता येते. 11 टक्क्यांच्या या उदाहरणात तेविसाव्या वर्षी पुंजी 1 कोटी 20 लाखांच्या पुढे जाते. तिथून पुढे पुंजीच्या एक टक्क्याचा मासिक भाग दहा हजारांहून मोठा होतो. गुंतवणूकदार महिन्याला जितके भरतो त्याहून जास्त रक्कम त्या एका टक्क्यापोटी निघून जाते, आणि हप्ता वेळेवर भरल्याबद्दल अभिनंदनाचा संदेश मात्र त्यालाच येतो.

टक्क्याची तुलना कशाशी करायची हाही प्रश्न आहे. सरकारी रोख्यात सात टक्के मिळत असतील तर शेअरबाजाराची जोखीम घेण्याचा खरा मोबदला बारा टक्के नसतो, त्यावरचे पाच टक्के असतो. दोन टक्के खर्च म्हणजे त्या पाचातले दोन. जोखमीच्या मोबदल्यातला चाळीस टक्के वाटा. तोही जोखीम न घेणाऱ्याला. 2008 साली सेन्सेक्स 20,287 वरून 9,647 वर आला, म्हणजे निम्म्याहून अधिक घसरला. त्या वर्षीही खर्चाची आकारणी रोज होत होती. मालमत्ता आकसल्याने कंपन्यांचे उत्पन्न घटले हे खरे, पण उत्पन्न घटणे वेगळे आणि मुद्दल गमावणे वेगळे. कर्जरोख्यांच्या योजनांत तर हे गणित आणखी घट्ट बसते. मुळात मिळकतच साडेसात टक्के असेल आणि त्यातला एक टक्का खर्चात गेला, तर उरलेल्यावर गुंतवणूकदाराच्या स्लॅबप्रमाणे कर. एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा युनिटांवर तोच नियम आहे. अशा योजनेची बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना करताना पत्रकावर मोठ्या अक्षरात कोणता आकडा छापला आहे यापेक्षा लहान अक्षरात कोणता आहे हे महत्त्वाचे ठरते.

दुसरा युक्तिवाद जरा चतुर आहे. एनएव्ही खर्च वजा करूनच जाहीर होते. जाहिरातीतला परतावाही खर्चानंतरचाच असतो. मग खर्च किती याची चौकशी कशाला, हातात काय पडले तेवढे पाहावे. पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांतून निघत नाही. हातात काय पडले हे मागच्या वर्षांबद्दल कळते, गुंतवणूक होते पुढच्या वर्षांसाठी. पुढच्या दहा वर्षांत योजना किती मिळवील हे कोणालाच सांगता येत नाही. ती किती कापील हे आज माहीत असते. दोन गोष्टींपैकी एक अनिश्चित आणि एक निश्चित असताना निश्चित गोष्टीकडे दुर्लक्ष करा असा सल्ला दुसऱ्या कुठल्या व्यवहारात कोणी देणार नाही. शिवाय मागच्या परताव्याच्या यादीत फक्त टिकलेल्या योजना असतात. ज्या चालल्या नाहीत त्या दुसऱ्या योजनेत विलीन होतात आणि त्यांचा इतिहास तक्त्यातून पुसला जातो.

खर्चाचा परिणाम वेगळा काढून दाखवता येत नाही, असेही सांगितले जाते. दोन योजनांचे शेअर वेगळे, व्यवस्थापक वेगळे, मग फरक खर्चामुळेच पडला कशावरून? एरवी हा आक्षेप योग्य ठरला असता. पण 1 जानेवारी 2013 पासून भारतात याचा पुरावा रोज प्रसिद्ध होतो. त्या दिवसापासून सेबीच्या आदेशाने प्रत्येक योजनेला वितरकाशिवाय घेता येणारा डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागला. रेग्युलर आणि डायरेक्ट हे दोन्ही एकाच योजनेचे भाग: तोच व्यवस्थापक, तेच शेअर, त्याच दिवशी केलेली तीच खरेदी-विक्री. फरक एवढाच की एकात वितरकाचे कमिशन आहे आणि दुसऱ्यात नाही. इक्विटी योजनांत हा फरक साधारण अर्ध्यापासून सव्वा टक्क्यापर्यंत असतो. 2013 च्या आरंभी दोन्ही एनएव्ही जवळजवळ एकच होत्या. तेव्हापासून चाललेल्या कुठल्याही इक्विटी योजनेच्या आजच्या दोन एनएव्ही शेजारी ठेवल्या की दरी दिसते, आणि ती दर वर्षी रुंदावते. हातच्या कंकणाला आरसा लागत नाही.

तिसरा युक्तिवाद बाजारातल्या रोजच्या अनुभवावर बेतलेला आहे: चांगल्या वस्तूला किंमत पडते. पैठणी, हापूस, शल्यविशारद यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरेही आहे. फंडाच्या बाबतीत ते खरे का नाही याचे कारण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 साली एका छोट्या लेखात मांडले. 1990 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या या माणसाने त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडचे काही वापरलेले नाही. बाजारातले सगळे शेअर कोणाच्या तरी मालकीचे असतात. त्यांतले काही जण निर्देशांकाच्या प्रमाणात शेअर धरून स्वस्थ बसतात. त्यांना खर्चापूर्वी बाजाराइतकाच परतावा मिळतो. मग उरलेल्या सर्वांनाही मिळून, खर्चापूर्वी, बाजाराइतकाच परतावा मिळू शकतो. बेरीज जुळलीच पाहिजे. एक व्यवस्थापक बाजाराहून पुढे गेला तर दुसरा कोणीतरी तेवढाच मागे पडलेला असतो. आता खर्च वजा केला की सक्रिय व्यवस्थापन करणाऱ्यांचा सरासरी गट त्यांच्या जादा खर्चाइतका मागे राहतो. हे हुशारीवर अवलंबून नाही. सगळेच व्यवस्थापक दुप्पट हुशार झाले तरी बेरीज तीच राहील.

यावर भारतातले उत्तर ठरलेले असते: अमेरिकेतले सिद्धान्त इथे लावू नका, इथले फंड निर्देशांकाला हरवतात. काही अंशी हे उत्तर ऐकण्यासारखे आहे. शार्प यांचे गणित संपूर्ण बाजाराचे आहे. त्या बाजारात फंडांखेरीज प्रवर्तक, परदेशी संस्था आणि लाखो हौशी खरेदीदारही असतात. हौशी लोक चुका करत असतील तर त्यांच्या तोट्यातून फंड काही काळ नफा मिळवू शकतात. मध्यम आणि लहान कंपन्यांच्या शेअरांत असे घडल्याची उदाहरणे आहेत. पण फंडांनी निर्देशांकाला हरवल्याच्या जुन्या कथांमागे आणखी एक गोष्ट होती, तिचा उल्लेख सहसा होत नाही. फेब्रुवारी 2018 पर्यंत योजना आपली तुलना ज्या निर्देशांकाशी करत, त्यात कंपन्यांनी दिलेला लाभांश धरलेला नसे. योजनेच्या एनएव्हीत मात्र तो लाभांश जमा होत असे. निफ्टीच्या बाबतीत ही रक्कम वर्षाला साधारण एक ते दीड टक्का, म्हणजे जवळजवळ फंडाच्या खर्चाएवढीच. धावण्याच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला दरवर्षी दीड पाऊल मागे उभे करून जिंकण्याचा हा प्रकार होता. सेबीने लाभांशासह मोजलेल्या, म्हणजे टोटल रिटर्न निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली आणि अनेक विजय आक्रसले. मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या योजनांपुरते बोलायचे तर एस अँड पीच्या स्पिव्हा अहवालांत दहा वर्षांच्या कालावधीत त्यांतल्या बहुसंख्य निर्देशांकामागे राहिल्याचे वारंवार दिसले आहे.

खर्चाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद गणिताचा नाहीच, स्वभावाचा आहे. वितरक हा फक्त अर्ज भरून घेणारा नव्हे. बाजार कोसळला की घाबरून विकायला निघालेल्या माणसाचा हात तो धरतो, हप्ते बंद करू देत नाही, मुलाच्या शिक्षणाची तारीख आठवण करून देतो. घाबरून एकदा केलेली विक्री दहा वर्षांच्या कमिशनपेक्षा महाग पडू शकते. हे म्हणणे खोडून काढता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. तालुक्याच्या गावी पाचशे-हजाराचा हप्ता सुरू करून देणारा, आधार-पॅन जोडणीपासून वारसनोंदीपर्यंत चकरा मारणारा वितरक त्या ग्राहकाकडून वर्षाकाठी मिळवतो ते शे-दोनशे रुपये. तिथे एक टक्का ही लूट नाही. उलट काम जास्त आणि मोबदला कमी.

आक्षेप आहे तो मोबदल्याच्या मोजमापाला. हात धरण्याचे मोल असेल तर ते किती, हे दोघांनी बसून ठरवावे आणि रुपयांत ठरवावे. पाच लाखांच्या पुंजीला वर्षाला पाच हजार आणि पन्नास लाखांच्या पुंजीला पन्नास हजार, असा दर आकारताना दुसऱ्या ग्राहकाचा हात दहापट घट्ट धरला जातो असे कोणी म्हणणार नाही. कमिशन पुंजीवर मिळते, सल्ल्यावर नाही. फोन न उचलणाऱ्यालाही ते तितकेच मिळते. आणि हात धरण्याचा इतिहासही निर्मळ नाही. 1 ऑगस्ट 2009 पर्यंत इक्विटी योजनेत पैसे घालतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत प्रवेशभार कापला जाई आणि तो वितरकाकडे जाई. जितक्या वेळा पैसे एका योजनेतून दुसरीत हलवावेत तितक्या वेळा तो नव्याने मिळे. प्रवेशभार गेल्यावर आगाऊ कमिशनाची प्रथा वाढली. तीही ऑक्टोबर 2018 मध्ये सेबीला बंद करावी लागली आणि फक्त ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक टिकेल तोवर मिळणारे, उरले. गुंतवणूकदाराला स्थिर ठेवणे हे वितरकाचे मुख्य काम असते तर त्याला हलवण्याचे बक्षीस बंद करायला नियामकाला दोनदा यावे लागले नसते.

पर्याय अस्तित्वात आहेत. 2013 च्या नियमांनुसार नोंदणी झालेले गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून थेट शुल्क घेतात आणि ज्याला सल्ला देतात त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घेत नाहीत. ब्रिटनने 2012 च्या अखेरीस सल्ल्यावरचे कमिशनच बंद केले. त्यानंतर तिथे लहान गुंतवणूकदाराला सल्लागार मिळणे अवघड झाले ही तक्रार खरी आहे आणि इथेही तसे होऊ शकते. पण त्या तक्रारीतून निघणारा निष्कर्ष वेगळाच आहे: ज्या सल्ल्याचे पैसे समोर ठेवल्यावर ग्राहक देत नाही, त्याच सल्ल्याचे पैसे न दाखवता घेतले तर तो देतो.

फंड मोठा होत गेला की खर्चाचा दर उतरतो, म्हणून काळजी नको, असेही म्हणतात. दर उतरतो हे नियमांतच आहे. एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या टप्प्यांत इक्विटी योजनेच्या पहिल्या 500 कोटींवर कमाल 2.25 टक्के, पुढच्या 250 कोटींवर 2, त्यापुढच्या 1,250 कोटींवर 1.75, मग 3,000 कोटींवर 1.60 आणि 5,000 कोटींवर 1.50 टक्के अशी उतरंड होती. बेरीज केली तर 500 कोटींच्या योजनेला जास्तीत जास्त 11.25 कोटी आकारता येत, 10,000 कोटींच्या योजनेला सुमारे 161 कोटी. दर 2.25 वरून 1.61 वर आला, रक्कम चौदापट झाली. वीसपट पैसा सांभाळायला चौदापट कष्ट लागतात का? व्यवस्थापक एकच, संशोधन करणारी माणसे तीच, कंपन्याही बहुतेक त्याच. मोठेपणाचा फायदा झाला खरा, पण त्याचा मोठा वाटा युनिटधारकाकडे गेला नाही. डिसेंबर 2025 मध्ये सेबीच्या मंडळाने खर्चाची नवी मांडणी मंजूर केली. तीत कर आणि वैधानिक शुल्के मूळ खर्चापासून वेगळी दाखवायची आहेत. हिशोबपट्टीच्या दिशेने हे एक पाऊल आहे.

व्यवस्थापनाला मुळात किती खर्च येतो, याची एक मोजपट्टी याच देशात, बऱ्याच अंशी याच घराण्यांकडे आहे. एसबीआय, एचडीएफसी, आयसीआयसीआय, कोटक, यूटीआय यांच्या निवृत्तिवेतन कंपन्या राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, एनपीएसचा, पैसा सांभाळतात. एप्रिल 2021 पासूनच्या दरांनुसार पहिल्या 10,000 कोटींवर त्यांना मिळत होते 0.09 टक्के, म्हणजे 9 कोटी, आणि पुढे दर उतरत 0.03 टक्क्यापर्यंत. तुलना अगदी सारखी नाही: एनपीएसच्या या दरात विक्री, नोंदी, कस्टोडियन यांचा खर्च धरलेला नाही, आणि तिथले शेअर निवडण्याचे स्वातंत्र्यही मर्यादित आहे. या सगळ्याला भरपूर जागा सोडली, 9 कोटींचे तिप्पट-चौपट केले, तरी 161 कोटींपर्यंतचे अंतर भरून निघत नाही. निफ्टीवर आधारित, शेअरसारखे बाजारात विकत मिळणारे मोठे फंड, म्हणजे ईटीएफ, 0.10 टक्क्याहून कमी खर्चात चालतात. भविष्य निर्वाह निधी संघटना 2015 पासून अशाच ईटीएफमध्ये पैसे घालते. मोठ्या ग्राहकाला स्वस्त आणि लहान ग्राहकाला महाग हा बाजाराचा जुना रिवाज आहे, एवढेच फार तर म्हणता येईल.

मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. फंडातला पैसा युनिटधारकांचा. फंड चालवणारी कंपनी मात्र तिच्या भागधारकांची. अशा कित्येक कंपन्यांचे शेअर आज मुंबईच्या बाजारात नोंदलेले आहेत, आणि एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न आहे. युनिटधारकांचे हित पाहायला विश्वस्त मंडळ असते, पण त्या मंडळाने व्यवस्थापन कंपनीशी शुल्कावरून घासाघीस केल्याचे क्वचितच ऐकू येते. अमेरिकेत जॉन बोगल यांनी 1975 साली व्हॅनगार्ड उभी केली ती याच्या उलट रचनेवर: कंपनीचे मालक तिचे फंडच, म्हणजे अंतिमतः गुंतवणूकदार. 1976 मध्ये त्यांनी सर्वसामान्यांसाठी काढलेल्या, निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडाला 15 कोटी डॉलरचे लक्ष्य असताना जेमतेम 1.13 कोटी मिळाले आणि ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून त्याची टिंगल झाली. दुसऱ्या कोणाला नफा द्यायचा नसल्यामुळे खर्च उतरवत नेणे त्या कंपनीला परवडले, आणि ग्राहक टिकवण्यासाठी इतरांनाही दर उतरवावे लागले.

शेवटचा बचाव धाकाचा असतो: खर्च आणखी कमी केला तर उद्योग कोलमडेल आणि फंड लहान गावांपर्यंत पोहोचणारच नाहीत. 2009 मध्ये प्रवेशभार रद्द झाला तेव्हाही हेच भाकीत होते. पुढची काही वर्षे उद्योगाला जड गेली, अनेक वितरकांनी धंदा सोडला, 2012 मध्ये सेबीने लहान शहरांतल्या विक्रीसाठी जादा खर्चाची सवलतही दिली. हे सगळे मान्य. पण उद्योगाची एकूण मालमत्ता मे 2014 मध्ये 10 लाख कोटी, ऑगस्ट 2017 मध्ये 20 लाख कोटी आणि नोव्हेंबर 2020 मध्ये 30 लाख कोटींच्या पुढे गेली. त्या काळात डायरेक्ट प्लॅन आला होता, आगाऊ कमिशन गेले होते, टप्प्यांचे दर उतरले होते. कोलमडण्याची चिन्हे या आकड्यांत सापडत नाहीत.

मात्र ‘स्वस्त तेच चांगले’ असा उलटा नियमही करता येत नाही. एकाच उद्योगात पैसे घालणारी योजना 0.20 टक्क्यात मिळाली म्हणून तिची जोखीम कमी होत नाही. इंडेक्स फंडातही निर्देशांकापासून पडणारे प्रत्यक्ष अंतर जाहीर खर्चापेक्षा जास्त असू शकते. ते अंतर पाहायचे असते. इंडेक्स फंडाचाच रेग्युलर प्लॅन घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुनी गुंतवणूक रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये नेणे ही कायद्याच्या दृष्टीने विक्री आणि नवी खरेदी ठरते. इक्विटी योजनेत एक वर्षाहून जुन्या युनिटांवर वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्याला जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे, आणि वर्षाच्या आत निघाल्यास बहुतेक योजनांत एक टक्क्याचा निर्गमभार. त्यामुळे नवे हप्ते आधी वळवणे आणि जुनी पुंजी सवलतीच्या मर्यादेत, दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून हलवणे सोयीचे पडते.

आपल्याकडून किती जाते हे पाहण्याची सोय 2016 पासून आहे. मार्च आणि सप्टेंबरला संपणाऱ्या प्रत्येक सहामाहीनंतर येणाऱ्या एकत्रित खातेविवरणात, प्रत्येक योजनेपुढे, त्या सहा महिन्यांत वितरकाला दिलेली रक्कम टक्क्यांत नव्हे तर रुपयांत छापलेली असते. शेजारी त्या योजनेच्या ज्या प्लॅनमध्ये आपले पैसे आहेत त्याचे सरासरी खर्चाचे प्रमाण असते. हे विवरण ईमेलने, बहुधा पॅन क्रमांकाच्या परवलीने उघडणाऱ्या फाइलमध्ये येते. ती फाइल उघडावी आणि तो रकाना वाचावा.